पाठीतली सुई, बाहेरचं बाकडं

बाळंतपण म्हणजे काही आजार नाही, हे वाक्य मी नऊ महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी कोणी तोंड उघडलं तर मीच ते पूर्ण करायचे. बरं, नसेल आजार. मग त्यानंतर कित्येक महिने मला धड झोप का लागली नाही, शिंक आली की पाय आवळून का उभं राहावं लागायचं, आणि स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं की दरदरून घाम का फुटायचा, हेही कोणीतरी सांगा. मी याला आजारपणच म्हणते. त्यातून मी पुरती उठलेय म्हणून हे लिहीत नाहीये. माझ्या धाकट्या बहिणीची, कोमलची, तारीख पुढच्या महिन्यात आहे, म्हणून लिहितेय.

ठरवलं होतं

मी स्नेहल. माहेर वर्ध्याचं. नवा रायपूरला एका सरकारी कार्यालयात नोकरी करते आणि रायपूर शहरात, ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या घरात राहते. नवरा मंगेश रायपूरच्याच रेल्वे कॉलनीत वाढला. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. तो भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. सासू-सासरे निवृत्तीनंतर गोंदियाला स्वतःच्या घरी गेले.

सातव्या महिन्यात डॉक्टरमॅडम मान वर न करता म्हणाल्या, "डिलिव्हरी में दर्द कम करने का इंजेक्शन होता है, पीठ में लगता है. चाहिए हो तो बता देना." आणि पुढची गोळी लिहू लागल्या. मी मात्र खुर्चीला चिकटले. किती दुखणं जातं, बाळाला काय होतं, पाय चालतात का, सगळं विचारलं. त्यांनीही मग पेन खाली ठेवलं. ब्लडप्रेशर उतरू शकतं, पाय जड होतात, कुणाकुणाला नंतर डोकं दुखतं, क्वचित नीट लागू पडत नाही. जन्माची कंबरदुखी? त्या हसल्या. "कमर तो बच्चे को उठा-उठाकर भी जाती है."

मी सुईला घाबरणारी बाई आहे. रक्त तपासायला जाते तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसते. त्यामुळे पाठीच्या कण्यात सुई म्हटल्यावर आठवडाभर काही ठरवता येईना. ऑफिसच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी दोन्ही भीती समोरासमोर ठेवायचे. एक अनोळखी दुखणं, आणि एक सुई. शेवटी ठरवलं, सुई. मंगेशला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्हारी बॉडी है, तुम देखो." मी इतकी खूश झाले की त्याला शिरा करून घातला. पुढे त्या शिऱ्याचा मला फार राग आला.

आईला मात्र सांगितलं नाही.

आईची कंबर

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण बाबा गेलेले, वर्ध्याच्या घरात आई एकटी, आणि माझी डॉक्टर रायपूरला. म्हणून यावेळी माहेरच उठून रायपूरला आलं. डिंक, खारीक, अळीव, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, आणि सोबत आईची कंबर.

या कंबरेची गोष्ट आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. आठ वर्षांपूर्वी आईचं गर्भाशय काढलं, तेव्हा पाठीत इंजेक्शन दिलं होतं. तेव्हापासून ती मांडी घालून बसू शकत नाही, देवासमोरसुद्धा स्टुलावर बसते. "सुई टोचली अन् कंबर गेली," एवढंच तिचं निदान. ती एकटी नाही. माझ्या मावश्या, काकू, सगळ्यांचं हेच. गुडघे दुखले, वजन वाढलं, चष्मा कुठे ठेवला आठवलं नाही, तरी खापर त्या सुईवर. आम्ही बहिणी हसायचो.

तिला सांगितलं तर वाद होईल, ती रडेल, जेवणार नाही, म्हणून मी गप्प बसले. ऐन वेळी घेऊ, कोण विचारतंय, असं वाटलं. तो वाद टळला नाहीच. मी नसताना, माझ्या वाट्याचा, बाहेरच्या बाकड्यावर झाला.

ती सकाळ

सहाला आई चहा ठेवत होती आणि माझ्या पायांखाली पाणी झालं. आठला आम्ही दवाखान्यात. प्रसूतीच्या खोलीत नातेवाइकांना मज्जाव होता. आईने दारातच हातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, "मी हे काय, इथंच बसून हाये." दाराबाहेर एक लांब लाकडी बाकडं होतं. दार बंद होताना मला तिच्या चपला दिसल्या.

फोन काढून घेतला. बांगड्या उतरवल्या. दहाला सलाईनमधून कळा वाढवण्याचं औषध सुरू झालं. आत दुलारी सिस्टर होती, पन्नाशीची, अभनपूरकडची, प्रत्येक बोलण्याआधी "हव", म्हणजे हो, म्हणणारी.

कळांचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांना माहीत नाही त्यांना उगीच घाबरवायचं नाही. एवढंच सांगते, की बाराच्या सुमाराला मला आतापर्यंतचे सगळे चांगले बेत मूर्खपणाचे वाटू लागले. श्वास मोजायचे व्यायाम केले होते, ते कुठल्या कुठे गेले. एक वाजता मी म्हटलं, "सिस्टर, मुझे वो पीठ वाला इंजेक्शन चाहिए. मैंने मॅडम को पहले से बोला है."

"हव दीदी. अभी चार सेंटीमीटर ही खुला है, टाइम है. बेहोशी वाले डॉक्टर साहब को फोन कर देती हूं. पहले फारम."

दोन कळांच्या मध्ये मी सही केली. अक्षर कोंबडीचे पाय, पण माझं. खाली आणखी एक जागा होती.

"ये घर वाले का है. बाहर से करा के लाती हूं. पांच मिनट."

पाच मिनिटं

समोर भिंतीवर घड्याळ होतं. एक वाजून दहा. एक पंचवीस. एक चाळीस. भूलतज्ज्ञ आले, दारातून डोकावले, "फॉर्म हुआ?" म्हणाले. झाला नव्हता. तेवढ्यात त्यांना वरच्या मजल्यावर तातडीच्या सिझेरियनला बोलावलं आणि ते गेले. मी सिस्टरला विचारलं, फॉर्म कुठे आहे. ती बाहेर जाऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घर वाले फोन पे बात कर रहे हैं दीदी."

बाहेर काय झालं ते मंगेशने मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, तेही मी खनपटीला बसले म्हणून.

त्याने पेन हातात घेतलं होतं. हा माणूस भनपुरीत दिवसाला मालाच्या शंभर बिल्ट्यांवर न वाचता सह्या ठोकतो. नेमका हा कागद त्याने वाचला. होऊ शकणाऱ्या वाईट गोष्टींची यादी होती आणि त्यात एका ओळीत लकवा होता. त्याचा हात थांबला. त्याने गोंदियाला आईला फोन लावला.

माझ्या सासूबाई कडक आहेत. त्यांनीच नाही म्हटलं असणार, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. त्या काय म्हणाल्या ते ऐका. "पहिलं बाळंतपण माहेरचं असते. विहीणबाई तिथं बसल्या हायेत नं? मग त्यायचा मान हाये. त्या म्हणतीन तसं कर, मले काहून विचारतं?"

मग त्याने शेजारी बसलेल्या माझ्या आईला विचारलं, "आई, पीठ में सुई लगाने का बोल रहे हैं. क्या करूं?"

"कमरेत सुई?" आई उठून उभीच राहिली. "नाही बाप्पा. माही कंबर पाहा जावईबापू, आठ वर्षं झाले. माह्या पोट्टीले असं जन्माचं अपंग नाही करू देणार मी. नका करू सही."

"पर उसने खुद बोला है, आई."

"दुखण्यात माणूस काहीही बोलते."

मंगेशने पेनाला टोपण लावलं. त्याने नकार दिला नाही. त्याने फक्त सही केली नाही. नवऱ्याने आईचा मान ठेवला, सासूने विहिणीचा मान ठेवला, आईने आपल्या कंबरेचा अनुभव मधे आणला. कोणीही माझ्याशी वाईट वागलं नाही. मला विचारायला मात्र दारापर्यंत कोणी आलं नाही. दार दहा पावलांवर होतं.

पावणेसहापर्यंत

साडेतीननंतर मी माणसात नव्हते. सिस्टरचा हात धरून मी भीक मागितली. हो, भीकच. "पैर पडती हूं सिस्टर." ती म्हणाली, "अब आठ हो गया दीदी. डॉक्टर साहब अभी भी ऊपर फंसे हैं. उनके उतरने तक बच्चा ही आ जाएगा. अब बस थोड़ा." ते थोडं दोन तास चाललं. मी आईला हाका मारल्या, आईला शिव्या दिल्या, ज्या मला येतात हेही मला माहीत नव्हतं. मग बाळाचे ठोके उतरायला लागले. खोलीत एकदम चार माणसं आली. कोणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. व्हॅक्यूम लावा, बाळ ओढून काढा, कोणीतरी म्हणालं.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण हे वाचून एखादीला हायसं वाटेल. त्या वेळी मला बाळ वाचावं असं वाटत नव्हतं. मी वाचावं असंही वाटत नव्हतं. संपावं, एवढंच वाटत होतं, कोणाचंही संपो.

पाच बेचाळीसला मुलगी झाली. रडायला तिने वेळ घेतला. मला दाखवायला आणलं तेव्हा मी तोंड फिरवलं. टाके घालताना आणखी ओरडले. मग सगळे गेले आणि दुलारी सिस्टर उरली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि स्टूल ओढून बसली. "रो लो दीदी. अभी किसी को अंदर नहीं आने दूंगी." त्या दिवसभरात मला काय हवं ते न सांगता जिला कळलं, अशी ती एकटीच.

सुई घेतली असती तर सगळं सुरळीत झालं असतं, असा माझा दावा नाही. व्हॅक्यूम कदाचित तरीही लागला असता. ती पूर्ण लागू पडली नसती, किंवा मीच ऐन वेळी भिंतीकडे तोंड करून नको म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं.

शूर बाई

बारशाला वर्ध्याहून, गोंदियाहून माणसं आली. मुलीचं नाव ओवी ठेवलं. पाळण्याशेजारी बसून मी ऐकत होते. "एक सुई नाही टोचू देली आमच्या पोट्टीनं! आजकालच्या पोरी पाहा, खरचटलं तं गोळी." काकूने माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. सगळ्यांचे चेहरे इतके कौतुकाने फुललेले, की मी हसले. ज्या हिमतीचं कौतुक चाललं होतं ती माझ्यात नव्हतीच, आणि जे मी ठरवलं होतं ते कोणाला ठाऊकच नव्हतं.

सव्वा महिना आईने माझं सगळं केलं. तेल लावणं, शेक, डिंकाचे लाडू. ओवीला पायांवर घेऊन आंघोळ घालायला तिला खाली बसता येईना, तर पाटावर उशी ठेवून, भिंतीला टेकून, दात-ओठ खात बसायची. मी बघायचे आणि मला तिचा राग यायचा. ती पाठीला तेल लावत असताना मी मनात म्हणायचे, दुखण्यात माणूस काहीही बोलते. असं एकाच वेळी एखाद्या माणसाच्या हातचं खाणं आणि त्याचा तिरस्कार करणं फार दमवतं.

मंगेश दोनदा सॉरी म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मैंने मना तो नहीं किया था ना." त्यानंतर आम्ही पंधरा दिवस कामापुरतं बोललो.

डोळा लागला की ट्रे पडायचा. ओवीला दूध पाजायचे, लंगोट बदलायचे, पण शेजारणीचं मूल सांभाळावं तसं. चौथ्या महिन्यात मी टाके दाखवायला गेले आणि मॅडमसमोर उगीचच रडू कोसळलं. त्यांनी मला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं, जिथे फक्त बोलायचं असतं. घरी सांगितलं, टाके दुखतात म्हणून जातेय. सहा महिने गेले. झोप आली. एक दिवस ओवी माझ्याकडे बघून हसली आणि मला ते माझं वाटलं. ज्यांना असं काही होत असेल त्यांनी चार महिने थांबू नये, एवढंच.

डोहाळजेवण

दोन महिन्यांपूर्वी कोमलचं डोहाळजेवण वर्ध्याला झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं. आईने माझी कहाणी काढलीच. "ताईकडं पाहा. एक सुई नाही घेतली. तुह्यानंही होते."

कोमलचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "ताई, खरंच होते का वं सहन?"

वर्षभर गिळलेलं बाहेर आलं. "नाही होत. मी मागितलं होतं. सही करून मागितलं होतं. मला दिलं नाही."

कोणीतरी घाईने ओटीचं ताट पुढे केलं. आई उठून आत गेली. मी तिच्या मागे गेले, भांडायच्याच तयारीने. ती ओट्याला धरून उभी होती.

"मी सही केली होती," ती म्हणाली.

"कधी?"

"मंग. तुह्या आवाजानं राहवलं नाही मले. बाहेर सगळं ऐकू येत होतं. जावईबापू खाली जाऊन बसले, त्यायले ऐकवेना. मी सिस्टरले म्हटलं, आण तो कागद, मी करतो सही. केली. तं ती म्हणते, अब क्या फायदा अम्मा, टाइम निकल गया."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? उशीर झाल्यावर शानी झाली म्हणून?" तिने पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोमलच्या टायमाले मले त्या बाकड्यावर नको बसवजो, पोरी. मी घरीच राहीन. मले पुन्हा कोणी विचारलं तं मी पुन्हा नाहीच म्हणीन. मले माहीत हाये."

मी भांडले नाही. मिठीबिठीही मारली नाही, आमच्यात ते नाही. तिच्या बाजूच्या कढईतला झारा घेतला आणि उरलेली भजी मी तळली.

रायपूरला परत आल्यावर दवाखान्याची फाईल काढली. वर्षभरात ती मी उघडलीच नव्हती. डिस्चार्जच्या कागदांमागे तो फॉर्म टाचलेला होता, त्यावर आडवी रेघ. वर माझी सही. खाली दुसरी. आई बँकेतसुद्धा बाबांचं नाव आणि आडनाव लिहिल्याशिवाय सही करत नाही, मागे रांग लागली तरी. इथे नुसतं ‘सुमन’ होतं, आणि शेवटचा ‘न’ रकान्याबाहेर गेलेला. नात्यापुढे ‘आई’. वेळ सिस्टरने घातली होती, चार पन्नास.

मी तो कागद परत फाईलमध्ये लावला. राग गेला नाही. पण तो कोणावर धरायचा ते कळेनासं झालं.

कोमलने नाव नागपूरच्या दवाखान्यात घातलंय. तिथेही नातेवाइकाची सही मागतातच, मी विचारून घेतलं. तिच्या नवऱ्याशी बोलले. बाकड्यावर मी बसणार आहे. काल तिला विचारलं, काय करणार आहेस? ती म्हणाली, "अजून ठरलं नाही ताई. सुईची पण भीती वाटून राहिली अन् कळांची पण."

"असू दे. तू आतून हो म्हण नाहीतर नाही म्हण. कागद बाहेर आला की तू म्हणशील ते मी लिहीन."

"अन् आईचा फोन आला तं? तुह्या सासूबाईंचा? मावशीचा?"

"माझा फोन बंद असेल," मी म्हटलं.